पेंटरआप्पांची पिवळी पट्टी

पेंटरआप्पांनी पाटीवर आधी नाव लिहिलं आणि मग पट्टी ओढली, असं शिरूरच्या बाजारपेठेत कुणी कधी पाहिलं नाही. आधी पट्टी. पाटीच्या वरच्या अंगाला, वीतभर रुंद, पिवळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती वाळेपर्यंत आप्पा ब्रश धुऊन बसून राहत. दुकानदार घायकुतीला आलेला असे, उद्घाटनाची वेळ टळत असे, पेढे येऊन पडलेले असत, आप्पा ढिम्म. पट्टी वाळली की तिच्यावर काळ्या अक्षरांत दुकानाचं नाव, आणि खालच्या मोकळ्या जागेत गिऱ्हाईक म्हणेल ते: चपलांचे जोड, मिक्सर, हसरी बाई. खालच्या जागेत कितीही वाईट चित्र सांगा, आप्पा मुकाट काढून देत. वरच्या पट्टीत मात्र ते कुणाचंही ऐकत नसत.

कुणी विचारलं तर कारण सांगत, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. “बाजाराला मान्सं केंदूरवरनं येत्यात, वडगाव रासाईवरनं येत्यात. म्हातारीकोतारी, चष्मा घरी इसरलेली. त्यांनी मान वर केली की नाव कुठं घावंल हे त्यांला ठावं पायजे. दुकान तुमचं, माल तुमचा, नाव बी तुमचं. पन नाव लिवायची जागा गल्लीची.” एके काळी त्या अख्ख्या गल्लीवर आप्पांची एकच पिवळी रेघ होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा तिचे चार-पाचच तुकडे उरले होते. बाकीच्यांनी आपापल्या चकाकत्या पाट्या लावल्या होत्या, कुणाचं नाव उभं, कुणाचं तिरकं, कुणाचं तर दिव्यांच्या माळेत गुरफटलेलं. आप्पा त्या पाट्यांना नावं ठेवत नसत. फक्त त्या गल्लीतून जाताना खाली बघून चालत.

फ्लेक्स आले आणि पेंटर लोकांची रोजीरोटी गेली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आप्पा पन्नाशी उलटल्यावर संगणक शिकले, फ्लेक्सची डिझाइनं करू लागले, छपाई दुसरीकडून करून घेऊ लागले. नाव पेंटरच राहिलं. मी केंदूरची, शिरूरला खोली घेऊन कॉम्प्युटरचं शिकत होते आणि प्रोजेक्टचं मुखपृष्ठ करून घ्यायला त्यांच्या दुकानात गेले होते. त्यांचं मशीन दर दहा मिनिटांनी गचके खात होतं, आत चोरीचं सॉफ्टवेअर आणि त्याबरोबर फुकट आलेले व्हायरस. मी अंगात आल्यासारखी म्हणाले, मी तुम्हाला लिनक्स घालून देते, मशीन चालवणारी फुकटची प्रणाली, तिला व्हायरस सहसा लागत नाहीत. त्यांना ते काय असतं हे माहीत नव्हतं आणि मला ते नीट घालता येत नव्हतं. अशा रीतीने आमची गट्टी जमली.

चित्रं करायला मी त्यांना ‘फलक’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर दिलं. त्यांनी ते उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग पडद्यावरच्या खिडकीच्या माथ्यावर बोट ठेवलं, जिथे फाइलचं नाव आणि बंद करायची फुली असते. “ही वरली पट्टी कोन काढतं? फलक का मशीन?” तीन वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न मला एकाही सरांनी विचारला नव्हता. मी पुस्तकात बघून दुसऱ्या दिवशी सांगितलं, की आपल्या मशीनवर खिडकी कुठल्याही सॉफ्टवेअरची असो, पट्टी मशीनच काढतं. सॉफ्टवेअर फक्त नाव सांगतं. आप्पांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. “म्हंजी गल्लीचा पेंटर एकच हाय तर.” मशीनच काढतं म्हटल्यावर पट्टी हवी तशी करता येत होती. एक दुपार घालवून मी ती चौपट जाड केली, पिवळी केली, नाव काळ्या ठसठशीत अक्षरात आणलं. आयुष्यात मी लिहिलेल्या कामांपैकी ते सगळ्यात लहान आणि सगळ्यात उपयोगाचं काम होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली.

त्या पट्टीचं त्यांना केवढं कौतुक. एकदा फलक मोठ्या फाइलीखाली दबून गारठलं, काही केल्या हलेना. आप्पांनी पिवळ्या पट्टीवरची फुली दाबली. मशीनने विचारलं, हे उत्तर देत नाही, बंद करू का? आप्पा म्हणाले, “बग. मानूस आत बेसुद पडला तर दार भाईरनं उघडाया पायजे. आतल्याच्याच हातात कडी दिली तर बसा बोंबलत.” हे वाक्य पुढे मी पुण्यातल्या एका मुलाखतीत माझं म्हणून सांगितलं. नोकरी मिळाली.

आप्पांची बघण्याची एक तऱ्हा होती. समोरचं काही बघायचं तर ते मान हळूहळू फिरवत, पाखरू दाणा टिपताना फिरवतं तशी. मी ती त्यांची लकब समजत होते. एकदा मी बाजूने चहाचा कप पुढे केला आणि त्यांचा हात सरळ त्या कपात गेला. भाजलं, पण ते ओरडले नाहीत. फडक्याने हात पुसत म्हणाले, काचबिंदू आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, गेलं ते परत यायचं नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकवा. कडेचं सगळं काळं झालं होतं. मध्ये एक गोल उरला होता, ताटलीएवढा. मग त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं. “कुनाला बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. आंधळ्या पेंटरकडं कोन येईल?” त्यांची मुलगी सुनंदाताई दौंडला दिलेली, बायको आधीच वारलेली. सुनंदाताई आणि मी, दोघींनाच ठाऊक.

तेव्हा मला पट्टीचं खरं मोल कळलं. त्या ताटलीएवढ्या गोलातून त्यांना अख्खा फ्लेक्स एकदम दिसत नसे. वाढदिवसाची फाइल, लग्नाची फाइल, पुण्यस्मरणाची फाइल, सगळ्या एकाच जुन्या साच्यावरून केलेल्या आणि एकावर एक उघड्या. आपण कुठल्या फाइलीत आहोत हे त्यांना एकाच जागी कळे. ते नाक पडद्याला लावत, पिवळं शोधत, पिवळ्यावरून डावीकडून उजवीकडे सरकत नाव वाचत, आणि मगच माऊसला हात लावत. प्रत्येक वेळी. दिवसातून दोनशे वेळा म्हणा. पट्टी होती तोवर दुकान होतं.

मी पुण्याला गेले, आणि दैवाचा खेळ असा की फिरत फिरत फलक बनवणाऱ्यांच्याच गटात येऊन पडले. जगभर विखुरलेली दहा-बारा माणसं, त्यातली पुण्यात आम्ही दोघं. तिथे तेव्हा एक वाद जुंपला होता. खिडकीची पट्टी मशीनने काढायची की ज्या त्या सॉफ्टवेअरने आपली आपण काढायची? मशीनची पट्टी म्हणजे फुकट गेलेली जागा, असं नव्या लोकांचं म्हणणं. आपली आपण काढली की तिच्यात बटणं बसवता येतात, चित्राला उंची मिळते, सगळं देखणं दिसतं. मी नव्या लोकांत होते. नुसती होते असं नाही, पुढे होते. नवी पट्टी मीच लिहिली: राखाडी, नाजूक, बटणांनी भरलेली, आणि जागा उरली तर बारीक अक्षरात फाइलचं नाव. सगळ्यांनी वाहवा केली. आपला तो बाब्या. हे करताना मला आप्पांची आठवण झाली नाही, असं लिहायची सोय असती तर बरं झालं असतं. झाली होती. मी मनात म्हटलं, त्यांच्यासाठी काहीतरी करू नंतर.

नवं फलक त्यांच्या मशीनवर आपोआप जाऊन बसलं. तसं आपोआप बसावं, ही सोय मीच लावून दिली होती. आप्पांचा फोन आला. आवाज नेहमीचाच. “पट्टी गेली गं.” बाकी सगळ्या खिडक्यांना पिवळी होती, ज्या एका खिडकीत त्यांचं पोट होतं तिलाच नव्हती. मी म्हणाले, येत्या रविवारी येते, जुनं फलक घालून देते. त्या रविवारी गेले नाही. पुढच्याही नाही. कामं होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याच हाताने माझं काम पुसायला शिरूरला जाणं जिवावर आलं होतं. तिसऱ्या रविवारच्या आधी मी त्यांना म्हणाले, असं करा आप्पा, आमच्या तक्रारींच्या पानावर लिहा. नियम आहे तसा.

त्यांनी लिहिलं. मराठीत, चार ओळी, शेवटी ‘कळावे’ घालून. आपण पाट्या रंगवणारे, फलक चांगलं आहे, पण पट्टी ज्याची त्याने काढू नये, मशीनला काढू द्यावी, निदान ज्याला हवी त्याला तरी. का हवी ते लिहिलं नव्हतं. डोळ्यांबद्दल एक अक्षरही नाही. मी भाषांतर करून गटापुढे ठेवलं. कुणी म्हणालं, हा माणूस जुन्या सवयी सोडायला तयार नाही. कुणी विचारलं, तू यांना ओळखतेस का, काही खास अडचण आहे का? मला तो प्रश्न अजून शब्दन्‌शब्द आठवतो. मी लिहिलं, ओळखते, खास काही नाही. शपथ होती ना गळ्याची. शपथ पाळायची आणि स्वतःचं कामही वाचवायचं, असा सोयीचा योग माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. तक्रार बंद करायची जबाबदारीही माझीच होती. त्यांच्या ओळींखाली मराठीतच लिहिलं: ‘एका वापरकर्त्याची सवय. बदल ठरवून केलेला आहे, मागे घेतला जाणार नाही.’ खाली माझं नाव.

त्यानंतर जेमतेम आठवडा गेला. वडगाव रासाईजवळच्या एका वाडीतून आप्पांकडे एकाच दिवशी दोन कामं आली होती. तिथल्या एका पुढाऱ्यांचा, सगळे त्यांना तात्या म्हणत, वाढदिवस. आणि वर्षापूर्वी वारलेल्या एका बागायतदाराचं प्रथम पुण्यस्मरण. दोघांनाही फेटा, दोघांनाही भरघोस मिश्या. आप्पांनी दोन्ही फाइली उघडल्या, नाक पडद्याला लावलं, पिवळं शोधलं. ते नव्हतं. राखाडी पट्टीत बटणांच्या गर्दीत कुठेतरी नाव असेल ते त्यांना लागलं नाही. अंदाजाने वाढदिवसाची खिडकी समजून त्यांनी तात्यांचा फोटो पुण्यस्मरणाच्या चौकटीत बसवला. छपाईवाल्याने छापला, लावणाऱ्यांनी पहाटे चौकात लावला. नाव बिचाऱ्या मयताचंच होतं, पण फ्लेक्सवरचं नाव कोण वाचतो? माणसं फोटो बघतात. तात्यांची थोरली बहीण वरवंडला दिलेली. तिला कुणीतरी मोबाइलवर तो फ्लेक्स पाठवला. ती जीपमधून ऊर बडवत आली, वाटेत दोनदा शुद्ध हरपली. तात्या अंगणात उभे राहून दात घासत होते.

पुढचं मला सुनंदाताईंनी सांगितलं. त्या आदल्या दिवशीच वडिलांकडे आल्या होत्या. तात्यांची माणसं दुकानात आली. हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. एवढंच म्हणाली, की तुम्ही लावलंय, तुम्हीच येऊन उतरवा, गावासमोर. आप्पांना गाडीत घालून नेलं, सुनंदाताई मागोमाग. चौकात सगळी वाडी जमलेली. शिडी लावली. आप्पा चढले. पाट्यांवर आयुष्य काढलेला माणूस, शिडीवर ते अजून तरण्यासारखे चढत. वर गेल्यावर मात्र त्यांना दोरीची गाठ सापडेना. मान इकडे फिरव, तिकडे फिरव. हाताने बांबू चाचपत राहिले, फ्लेक्सवरच्या तात्यांच्या तोंडावरून हात फिरला. खाली पोरं हसायला लागली. मग हळूहळू हसणं थांबलं. तात्याच शिडीजवळ आले.

“पेंटर, गाठ तुमच्या म्होरंच हाय. तुमाला दिसत न्हाई का वो?”

“दिसतं की,” आप्पा म्हणाले. “गोल दिसतं.”

तात्यांनी स्वतः वर चढून त्यांचा हात धरला आणि खाली आणलं. चहा पाजला. वाढदिवसाच्या जेवणाला थांबा म्हणाले. सुनंदाताई सांगत होत्या, की आप्पांना एक मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं. राग चार दिवसांत निवतो, दुसऱ्या वाढदिवसाला तेच गिऱ्हाईक परत येतं. कीव आली की येत नाही. महिनाभरात सगळ्या बाजारपेठेला कळलं. लोक दुकानासमोरून जाताना थांबत, तब्येतीची चौकशी करत, डॉक्टरांची नावं सुचवत, आणि फ्लेक्स करायला पुढच्या गल्लीत जात. दिवाळीच्या आधी आप्पांनी शटर ओढलं आणि मुलीकडे दौंडला राहायला गेले.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. मी गटाला सगळं लिहिलं. काचबिंदू, ताटलीएवढा गोल, पिवळं शोधत सरकणारं नाक, शिडी. तासाभरात उत्तरं आली. एकानेही वाद घातला नाही. ज्याला हवी त्याला मशीनची पट्टी परत मिळावी, एवढी सोय करायला मला अर्धा दिवस लागला. बदल फारतर तीस ओळींचा. पुढच्या आवृत्तीत ती सोय आली, आणि कुठल्या कुठल्या देशांतून माणसांनी आभार मानणारी पत्रं लिहिली. कुणाला दिसायला कमी, कुणाचा हात थरथरतो. यांतल्या एकानेही आधी तक्रार केली नव्हती.

लॅपटॉप घेऊन मी दौंडला गेले. रेल्वेच्या चाळीत, जावयाच्या घरी, आप्पा खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. डोळ्यांत थेंब घालायचे त्यांनी कधीच सोडून दिले होते, सुनंदाताईंशी भांडून. कशाला टिकवायचं, म्हणाले होते. ताटली गेली होती. उजव्या डोळ्यात उजेड-अंधार कळे, तेवढंच. मी लॅपटॉप पिशवीतून काढला नाही. म्हणाले, आप्पा, ती तक्रार मी बंद केली होती.

“ठावं हाय,” आप्पा म्हणाले. “आख्खी दुपार लागली मला ते वाचाया. आक्षरं मोटी करून करून वाचलं. शेवटाला तुजं नाव आलं.”

त्यांनीच पुढे सांगितलं, की नाव बघून आधी बरं वाटलं, पोरगी कुठवर पोचली म्हणून. मग वाईट वाटलं. एवढं कळूनही त्यांनी मला फोन केला नव्हता. तो फ्लेक्स चौकात लागल्यावरही नाही, शटर ओढल्यावरही नाही.

सुनंदाताईंनी चहा आणला, त्यांच्या हातात बशी नीट दिली आणि आत गेल्या. आप्पांनी चहा प्यायला नाही. बशी मांडीवर धरून बसले.

“माझ्या डोळ्याचं तू त्यांला सांगितलं न्हवतंस?”

“नाही आप्पा. तुम्ही गळ्याची शपथ घातली होती.”

चहावर साय धरली.

“सांगाया पायजे हुतंस,” आप्पा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात ते गेले. काही मोठा आजार नव्हता. जेवण कमी होत गेलं, बोलणं कमी होत गेलं. मी अजून फलकचंच काम करते. कुणी शपथेचं मोल सांगायला लागलं की मला राग येतो, आणि तो कुणाचा येतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी ती शपथ मोडली असती तर आप्पा माझ्यावर संतापले असते, महिना-दोन महिने माझा फोन उचलला नसता, आणि दुकानात बसून काम करत राहिले असते.